साहेबाची धास्ती अंगावर काढू नका

आरोग्याच्या पानावर आपण साखर, रक्तदाब, क्षयरोग, बाळंतपण असे विषय नेहमी घेतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण त्याचा परिणाम याच सगळ्या आजारांवर होतो. विषय आहे कामाच्या जागेचा, आणि तिथल्या वरच्या माणसांच्या वागण्याचा.

आपल्या वस्त्यांतली आधीची पिढी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये, मोहन्याच्या एनआरसीत, वागळे इस्टेटच्या आणि डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांत राबली. काम अंगमेहनतीचे होते, धूर आणि केमिकलही होते. पण मोठ्या कारखान्यांत युनियन होती. फोरमनने घालूनपाडून बोलले तर दुसऱ्या दिवशी गेटवर चार माणसे विचारायला उभी राहत. एनआरसी २००९ साली बंद पडली, इतरही बरेच कारखाने गेले. आता त्याच घरांतली मुले-मुली ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये, ठाण्याच्या मॉलमध्ये, भिवंडीच्या गोदामांत, कर्जवसुलीच्या ऑफिसात, कंत्राटदाराकडे हाउसकीपिंगला किंवा सिक्युरिटीत जातात. कपडे इस्त्रीचे झाले, एसी आला. विचारायला उभी राहणारी ती चार माणसे मात्र गेली.

म्हणून एक तक्रार घरोघरी ऐकू येते. सकाळी डोंबिवलीला लोकलमध्ये चढताना छातीत धडधडते, पोटात गोळा येतो. रविवारी त्याच लोकलने, त्याच गर्दीतून नातेवाइकांकडे जाताना काही होत नाही. म्हणजे गर्दी कारण नाही. गाडीतून उतरल्यावर जिथे जायचे आहे, ते कारण आहे.

वाईट साहेब आणि वाईट कारभार

प्रत्येक कडक साहेब वाईट नसतो. वेळेवर या म्हणणारा, काम चोख मागणारा, चूक दाखवणारा माणूस आपल्याला घडवतोही. कडक साहेब चूक कामात काढतो. त्रास देणारा साहेब चूक माणसात काढतो. सगळ्यांसमोर पाणउतारा करणे, टार्गेट पुरे झाले की लगेच वाढवणे, रात्री अकराला ग्रुपवर मेसेज टाकून जाब विचारणे, आजारपणाची रजा मागितली की "उद्यापासून येऊ नकोस" म्हणणे, एकाला जवळ करून दुसऱ्याची चुगली करायला लावणे, पगाराची तारीख सांगायची नाही आणि विचारले तर राग धरायचा, ही त्याची लक्षणे.

असा एखादाच साहेब असेल तर तो स्वभावाचा प्रश्न. पण त्याच्या वरचा साहेबही तसाच, त्याच्याही वरचा तसाच, आणि जो जास्त दरडावतो त्यालाच बढती मिळते, तेव्हा तो त्या कंपनीचा कारभारच असतो. टीम लीडर आपल्यावर ओरडतो, कारण दहा मिनिटांपूर्वी त्याच्यावर कोणीतरी ओरडलेले असते. हे समजून घेतले तर "माझ्यातच काही कमी आहे" हा विचार थोडा सैल होतो.

पुण्यातली २०२४ ची घटना

अर्न्स्ट अँड यंग या जगभर पसरलेल्या हिशेब तपासणीच्या समूहात, पुण्याच्या ऑफिसात, केरळची २६ वर्षांची एक मुलगी मार्च २०२४ मध्ये कामाला लागली. सनदी लेखापालाची अवघड परीक्षा पास झालेली, पहिलीच नोकरी. चार महिन्यांत, २० जुलैला, ती गेली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. रात्री उशिरापर्यंत आणि रविवारीही काम, अवेळी सोपवलेली जबाबदारी, थकून खोलीवर येऊन कपडे न बदलता पडणे, असे सगळे त्या पत्रात होते. मुलीच्या अंत्यविधीला कंपनीचे कोणी आले नाही, हे दुःखही होते.

आरोग्याच्या दृष्टीने पत्रातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मृत्यूच्या दोन आठवडे आधी मुलीने छाती आवळल्यासारखी वाटते अशी तक्रार केली होती. आईवडिलांनी तिला दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख सरळ आला. झोप पुरत नाही आणि जेवण फार उशिरा होते, असे डॉक्टरांनी सांगितले. तिथून ती परत कामावरच गेली.

कामाच्या दडपणाने मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केले नाही. पण पत्रानंतर केंद्रीय कामगार मंत्रालयाने चौकशी जाहीर केली, आणि राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा एक गोष्ट उघड झाली. २००७ पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. कामाचे तास ठरवणारा कायदा हाच. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या गल्लीतल्या कंत्राटदाराची काय असेल, याचा विचार करावा.

शरीरात काय घडते

कुत्रा अंगावर आला की हृदय जोरात धावते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते, पोट आखडते. पळायला किंवा लढायला शरीर तयार होते. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये हे काम करतात. कुत्रा गेला की पाऊण-एक तासात सगळे खाली बसते. ही सोय चांगली आहे, तिनेच माणूस जगला.

साहेब हा मात्र असा कुत्रा आहे जो दिवसाचे दहा तास समोर असतो आणि रात्री मोबाइलमध्ये येऊन बसतो. पळता येत नाही, लढता येत नाही. शरीर तयारीतच राहते. महिनोनमहिने असे चालले की रक्तदाब वरच राहतो, साखर वाढते, पित्त खवळते, मान आणि पाठ धरते, डोके दुखते, झोप तुटते, बायकांची पाळी पुढेमागे होते. ज्याला आधीच मधुमेह किंवा दमा आहे, त्याची गोळी लागू पडेनाशी होते.

लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेला एक मोठा अभ्यास डॉक्टरांना पाठ असतो. खालच्या पायरीवरच्या नोकरांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. सिगारेट, चरबी, रक्तदाब यांचा हिशेब वजा केला तरी फरक उरलाच. पुढच्या अभ्यासांत दिसले की ज्याच्यावर कामाचा भार जास्त आणि ते काम कसे, कधी करायचे यावर ताबा कमी, त्याच्या हृदयाला धोका अधिक. म्हणजे "टेन्शन मोठ्या साहेबांना असते" ही समजूत उलटी आहे.

तासांचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरची माहिती एकत्र करून सांगितले, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. आता आपल्या घरचा हिशेब करा. दहा तासांची पाळी, सहा दिवस, झाले साठ. सिक्युरिटीतल्या बारा तासांचे झाले बहात्तर. टिटवाळ्याहून, बदलापूरहून जाण्यायेण्याचे तास वेगळेच.

डोंबिवलीसारख्या ठिकाणी आणखी एक धोका आहे. मे २०१६ मध्ये प्रोबेस आणि मे २०२४ मध्ये अमुदान कंपनीत झालेले स्फोट आपण पाहिले, काहींनी खिडकीच्या काचा फुटताना पाहिले. त्या स्फोटांची कारणे हा तपासाचा विषय. पण जिथे केमिकल आहे, मशीन आहे, वीज आहे, तिथे वॉल्व्ह गळतोय हे साहेबाला सांगायला कामगार घाबरत असेल, तर ती भीती एकट्याची राहत नाही. ती अख्ख्या वस्तीला धोक्यात घालते.

जातीचा चिमटा

आपल्या मुलांच्या बाबतीत या दडपणात आणखी एक धागा असतो. आडनाव विचारून पुन्हा "म्हणजे कोण?" असे विचारणे, कुठल्या वस्तीत राहतो हे कळल्यावर सूर बदलणे, चूक झाली की "कोट्यातले" असा टोमणा, १४ एप्रिलची रजा मागितली की हसणे. खाजगी कंपनीत आरक्षण नसते, तरी टोमणा तोच. असे बोलणे रोज थोडे थोडे असते, म्हणून तक्रार करावी की नाही याच विचारात माणूस झिजतो.

मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या मुलीचा मे २०१९ मधला मृत्यू आपण विसरलेलो नाही. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे आणि खटला कोर्टात आहे. डॉक्टरकीच्या पायरीपर्यंत पोचलेल्या मुलीलाही हे वाट्याला येऊ शकते. म्हणून "शिकला, नोकरीला लागला, आता सुटलो" असे समजून घरच्यांनी विचारपूस सोडू नये.

घरच्यांनी ओळखायच्या खुणा

त्रास सोसणारा माणूस बहुतेक वेळा सांगत नाही, पण घरात खुणा दिसतात. रविवारी संध्याकाळपासून चेहरा उतरतो. फोन वाजला की दचकतो. जेवण ताटात राहते, किंवा रात्री बारा वाजता अधाशासारखे खातो. पूर्वी पीत नव्हता तो प्यायला लागतो, तंबाखू-गुटखा वाढतो. लहान गोष्टीवरून मुलांवर हात उचलतो. मुलगी असेल तर ती गप्प होते, मैत्रिणी तुटतात, सारखे डोके धरते. विहारातल्या रविवारच्या वंदनेला, क्लासला, क्रिकेटला जाणे बंद होते.

काही खुणांना मात्र थांबायचे नाही. छातीत आवळून दुखणे, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे, दम लागणे. तसेच अचानक तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे. वय पंचवीस असले तरी "गॅस असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षाने थेट कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.

"मी नसलेलाच बरा", "एकदाचे सुटेन" अशी भाषा कोणी बोलत असेल तर ती नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, शांतपणे ऐका, आणि सरकारच्या टेलिमानस या मदतक्रमांकावर, १४४१६ ला, फोन लावा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. आपल्याकडे त्याचे नाव चिडवायला वापरतात. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, केसपेपर काढून तपासून, औषध घेऊन लोक त्याच दिवशी घरी येतात. झोप न लागणे, धास्ती बसणे यांवर उपचार असतात. बीपीची गोळी घ्यायला आपण लाजत नाही, मग हिला का लाजायचे?

काय करता येईल

"सोडून दे नोकरी" असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरात तो एकच पगार आहे, बचतगटाचे कर्ज आहे, धाकट्याची फी आहे, तिथे हा सल्ला उपयोगाचा नाही. म्हणून पायरीपायरीने जावे.

पहिले शरीर. महिन्यातून एकदा महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्या, तिशीनंतर वर्षातून एकदा साखर. डबा ठरल्या वेळी खा, मग साहेबाची मीटिंग असो. रात्री झोपण्याआधी एक तास फोन दुसऱ्या खोलीत, खोली एकच असेल तर फळीवर, आवाज बंद करून. परत येताना एक स्टॉप आधी उतरून चालत या, साठलेली धास्ती पायांतून निघते. दारू झोप आणते असे वाटते, पण ती झोप तोडते आणि सकाळची धडधड वाढवते.

दुसरे नोंद. एक शंभर पानी वही करा. तारीख, वेळ, कोण काय बोलले, कोण हजर होते, किती वाजता सोडले, ओव्हरटाइम दिला की नाही. रात्रीचे मेसेज जपून ठेवा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र यांची प्रत घरी ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर वहीच बोलते. आणि लिहिल्याने मन हलके होते, हा वेगळा फायदा.

तिसरे सोबत. ज्याच्यावर ओरडले जाते तो एकटा नसतो. बरोबरच्या दोघातिघांशी बोला. एकाने लिहिलेली तक्रार गुन्हा ठरवली जाते, पाच सह्यांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. युनियन असेल तर सभासद व्हा, नसेल तर कामगार संघटनेच्या ऑफिसात जाऊन विचारा.

चौथे हिशेब. निघायचे ठरले तर आधी तीन महिन्यांच्या घरखर्चाची बेरीज करा आणि तेवढी पुंजी साठवत नवे काम शोधा. भविष्य निर्वाह निधीचा नंबर चालू आहे ना, कंत्राटदाराने खरेच पैसे भरलेत ना, हे कामावर असतानाच तपासा. राजीनामा रागाच्या दिवशी देऊ नका, आणि कोणी दमदाटी करून लिहून मागितला तरी तिथल्या तिथे सही करू नका.

कायदा काय देतो

कामाचे आठवड्याला ४८ तास, ही मर्यादा आपल्याला कोणी भीक म्हणून दिलेली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतली आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. आज दुकाने, ऑफिस, मॉल यांनाही आठवड्याची तीच मर्यादा आहे, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. तक्रार ठाणे किंवा कल्याणच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्यावी आणि पोचपावतीचा शिक्का घ्यावा.

मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर वागळे इस्टेट आणि उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयांत कुटुंबासह उपचार मिळतात. डॉक्टरांनी आजारपणाची रजा लिहून दिली तर नियमात बसणाऱ्या कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. हा आपल्याच पैशाचा विमा आहे, तो वापरा.

बाईला लैंगिक त्रास होत असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसे असलेल्या जागी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार तीन महिन्यांत करावी. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बायकांनाही ती खुली आहे.

चारचौघांसमोर जातीवरून अपमान झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ लागू होतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला आणि जात वैधता यांची कागदपत्रे नीट करून ठेवा. साक्षीदार कोण होते हे त्याच दिवशी वहीत लिहा.

फ्रान्समध्ये तिथल्या टेलिफोन कंपनीच्या मोठ्या साहेबांनी हजारो कामगार कमी करायचे ठरवले आणि ते आपणहून निघून जावेत म्हणून कामाची जागा असह्य केली. कित्येक कामगारांनी जीव दिला. पॅरिसच्या कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखाला छळाबद्दल दोषी धरले. हाताखालच्या एखाद्या माणसाला वैयक्तिक शिवी दिली नसली, तरी धोरणच छळाचे होते, असे कोर्ट म्हणाले. तिथल्या कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि पाठपुरावा केला, म्हणून प्रकरण निकालापर्यंत गेले. आपल्याकडे ऑफिस सुटल्यावर फोन न घेण्याचा हक्क देणारे खाजगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले होते. कायदा अजून झालेला नाही.

घराने द्यायचा आधार

सगळ्यात मोठे औषध घरातच आहे. मुलगा किंवा सून कामावरून आली की पहिला प्रश्न "पगार झाला का?" असा नको. "जेवलीस का दुपारी?" असा विचारा. "सगळीकडे असंच असतं, सहन कर" म्हणू नका. आपल्या आईबापांनी सहन केले ते पोरांना सहन करावे लागू नये म्हणून. शेजारच्या मुलाच्या पगाराशी तुलना करू नका. नोकरी सुटली तर घरात जागा आहे, एवढे एकदा स्पष्ट बोलून दाखवा. हे वाक्य ऐकलेला माणूस साहेबासमोर थोडा ताठ उभा राहतो.

विहाराच्या महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवावा. वस्तीतला एखादा युनियनचा जुना माणूस, एक वकील, एक नर्स किंवा डॉक्टर बोलवावेत. रक्तदाब मोजायचे मशीन वर्गणीतून घेता येते. एका बाजूला बीपी मोजावे, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या वह्या आहेत त्यांच्या वह्या वाचून अर्ज लिहून द्यावा. गेटवर उभी राहणारी ती चार माणसे आता कंपनीत नाहीत, पण वस्तीत आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबून सुरुवात करता येईल.